सीडी८ लो आलंय, म्हणजे आईची तीनच वर्षं का?

इंदिरानगर, नाशिकहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालीये. पत्र चार पानी आहे, मी थोडक्यात सांगते. आई ५९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज ३ सी, हाय ग्रेड सिरस म्हणजे त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा, जोरात वाढणारा प्रकार. आधी तीन केमो झाल्या, मग ऑपरेशन, आणि आता नंतरच्या तीनपैकी एक झालीये. ऑपरेशनच्या गाठीवर एका लॅबने 'इम्यून पॅनल' केलं त्यात 'सीडी८ लो' आलं. धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याने नेटवरून पेपर काढले आणि म्हणाला लो म्हणजे तीन वर्षं, आणि त्याचं डिसेंबरात ठरलेलं लग्न आत्ताच रजिस्टर करून टाकू म्हणून हट्ट धरून बसलाय. वर लॅबचा माणूस फोन करतोय की जीनवाली मोठी टेस्ट केली तर 'नक्की किती' ते कळेल, इम्युनोथेरपी द्यायची का तेही ठरेल, खर्च लाखाच्या घरात. ती विचारते की टेस्ट करू का, तीन वर्षं हे खरं का, आणि आईला काय सांगू, कारण आई तोंडाने काही विचारत नाही पण रात्री सगळे झोपले की फाईल काढून वाचत बसते.

अगं, मोठ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तो आकडा पेपरात आहे, भाऊ काही मनाने बनवून सांगत नाहीये, पण तो तुझ्या आईचा आकडा नाही. आणि लाखाची टेस्ट आत्ता करू नको. एक दुसरी टेस्ट मात्र राहिलीये असं तुझ्या पत्रावरून दिसतंय आणि तिला खरंच घाई आहे, तिच्यावर खाली येतेच.

मी नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजीत काढली, त्यामुळे 'सीडी८ लो' हे दोन शब्द कागदावर कसे येतात ते आधी सांगते, म्हणजे भीती जरा कमी होईल. गाठ काढली की तिचे तुकडे फॉर्मालिनमध्ये जातात, मग मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणायचं. काडेपेटीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटवर, कडेला पेन्सिलीने नंबर. त्या ब्लॉकचे चार मायक्रॉनचे काप घेऊन काचेवर चिकटवतात, आणि त्यावर सीडी८ ची अँटीबॉडी टाकली की ज्या पेशींवर सीडी८ हे प्रोटीन आहे त्या तपकिरी होतात, बाकी सगळं निळसर राहतं. तपकिरी ठिपके म्हणजे शरीराच्या बचावयंत्रणेतल्या (इम्यून) मारेकरी टी पेशी, कॅन्सरच्या पेशीला थेट भिडणाऱ्या. सीडी३ लावलं तर सगळ्याच टी पेशी दिसतात, सीडी२० ने बी पेशी, आणि फॉक्सपी३ ने मुख्यतः त्या टी पेशी ज्या बाकीच्यांना आवर घालतात. मग पॅथॉलॉजिस्ट काय करतो तर बसून मोजतो. काही ठिकाणी सॉफ्टवेअर मोजतं, पण कुठला भाग मोजायचा ते शेवटी माणूसच ठरवतो.

आणि सगळी गंमत या 'कुठला भाग' मध्येच आहे. ओव्हरीच्या गाठीत कॅन्सरच्या पेशींची बेटं असतात आणि मधेमधे धाग्यांची उती असते, तिला स्ट्रोमा म्हणतात. मारेकरी पेशी बेटांच्या आत घुसलेल्या आहेत की नुसत्या स्ट्रोमात गर्दी करून उभ्या आहेत, यात फार फरक पडतो. कित्येकदा स्लाइड बघताना स्ट्रोमा तपकिरी ठिपक्यांनी भरलेला आणि बेट अगदी कोरडं ठाक, असं दिसायचं. अशा गाठीचा एकूण आकडा चांगला येतो पण आत काहीच नसतं. उलटही होतं, एकूण कमी पण जेवढ्या आहेत तेवढ्या बरोब्बर आत. तुझ्या रिपोर्टमध्ये 'लो' च्या पुढे बेटांच्या आतलं मोजलंय की दोन्ही मिळून, हे लिहिलंय का बघ. तू पाठवलेल्या फोटोत तरी मला ते दिसलं नाही, आणि ते नसेल तर त्या 'लो' चा कशाशीच मेळ बसवता येत नाही.

आता भावाचे पेपर. ही सगळी लाईन सुरू झाली २००३ मध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज कुकोस यांच्या टीमने १८६ बायकांच्या गाठी तपासल्या, सगळ्या वाढलेल्या स्टेजच्या. ज्यांच्या गाठीच्या आत टी पेशी सापडल्या त्यांच्यापैकी ३८ टक्के पाच वर्षांनी जिवंत होत्या, ज्यांच्यात सापडल्या नाहीत त्यांच्यात साडेचार टक्के. एवढा फरक बघून सगळे उडालेच, कारण तोवर ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये शरीर काही लढाच देत नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मग २००४ मध्ये आवर घालणाऱ्या पेशींवर काम झालं, त्या जास्त असल्या की निकाल वाईट. २००५ मध्ये असं दिसलं की नुसत्या सीडी८ पेक्षा मारेकरी आणि आवर घालणाऱ्या यांचं आपसातलं प्रमाण बघणं जास्त उपयोगाचं. आणि २०१७ मध्ये ओटीटीए नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने ५,५०० हून जास्त बायकांच्या गाठी एकत्र करून सीडी८ मोजलं. भावाने बहुतेक हाच धरलाय, कारण यात हाय ग्रेड सिरससाठी आकडे आहेत: सीडी८ अजिबात नाही तर २.८ वर्षं, लो तर ३, मध्यम तर ३.८, आणि भरपूर असतील तर ५.१.

म्हणजे आकडे खरे. आता ते आईला का चिकटवायचे नाहीत ते ऐक.

एक तर ही सगळी मधली संख्या आहे, मीडियन. शंभर बायकांना किती वर्षं मिळाली त्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधलीपाशी तीन वर्षं येतात, म्हणजे निम्म्या त्याच्या पुढे गेल्या, आणि काही तर खूपच पुढे. निफाड तालुक्याचं द्राक्षाचं एकरी सरासरी उत्पादन पेपरात येतं ना, ते वाचून कोणी आपल्या बागेचं घड मोजायचं सोडत नाही, तसंच आहे हे. भाऊ आयटीतला आहे, मीडियन म्हणजे काय हे त्याला मी शिकवायची गरज नाही, पण घरचं माणूस आजारी असलं की शिकलेलं सगळं बाजूला पडतं आणि एकच आकडा डोळ्यापुढे नाचतो.

दुसरं, त्या अभ्यासात 'लो' म्हणजे मायक्रोस्कोपच्या मोठ्या पॉवरखाली एका गोलात बेटाच्या आत एक किंवा दोन मारेकरी पेशी. तीन ते एकोणीस म्हणजे मध्यम, वीस आणि त्याच्या वर म्हणजे भरपूर. तुमच्या लॅबचं 'लो' टक्क्यात आहे. दोघांनी एकच शब्द वापरलाय म्हणून मोजमाप एक होत नाही. यासाठी सगळ्या लॅब्जनी मानलेली अशी एक पट्टी ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये अजून रोजच्या कामात आलेली नाही.

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. असे अभ्यास मुख्यतः केमोआधी काढलेल्या गाठींवर झालेत. तुझ्या आईची जी गाठ तपासली ती तीन केमो झाल्यानंतरची. केमोने गाठीतल्या इम्यून पेशींचं चित्र बदलतं, कधी वाढतात, कधी बेटंच इतकी विरळ होतात की मोजायला जागाच उरत नाही. केमोनंतरच्या गाठीवर आकडा काढायचा आणि केमोआधीच्या गाठींच्या तक्त्यात जाऊन वर्षं शोधायची, हे काही बरोबर नाही. शिवाय एकाच बाईच्या ओव्हरीतल्या गाठीत आणि ओमेंटम म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्यावरच्या गाठीत वेगवेगळं चित्र असू शकतं, आणि पॅनल कुठल्या ब्लॉकवर केलंय हेही रिपोर्टवर नाहीये.

आणि चौथं, त्या अभ्यासातल्या बायका जुन्या काळातल्या. आत्ता ज्या गोळ्या मिळतात त्या त्यांच्यातल्या बहुतेकींना मिळाल्याच नव्हत्या.

बरं मग हे सगळं संशोधन फुकट का, तर नाही. या मार्कर्समुळेच हा आजार नीट कळायला लागला, आणि पुढे कधीतरी रोजच्या रिपोर्टमध्ये हे येईल असं मलाही वाटतं. पण आज ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये सीडी८ चा आकडा बघून कुठलंही औषध सुरू किंवा बंद करत नाहीत, ना मुंबईत ना अमेरिकेत. जो आकडा आल्याने आईच्या ट्रीटमेंटमधला एक थेंबही बदलणार नाही तो विकत कशाला घ्यायचा? झोप उडवायला?

लाखाच्या टेस्टचंही तेच. त्यात गाठीतला आरएनए काढतात, कुठले जीन किती चालू आहेत ते मोजतात आणि मग कॉम्प्युटर अंदाज बांधतो की गाठीत कुठल्या इम्यून पेशी किती टक्के असतील. यासाठीचा एक गाजलेला प्रोग्राम सायबरसॉर्ट, स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१५ मध्ये आणला, तो २२ प्रकारच्या पेशींचा अंदाज देतो. आयडिया भारी आहे, मला स्वतःला फार आवडते. त्याआधी २०११ मध्ये टीसीजीए या अमेरिकन प्रकल्पाने हाय ग्रेड सिरसच्या ४८९ गाठींचा जीन-डेटा खुला केला होता, त्यात चार गट पडले आणि एकाचं नाव 'इम्युनोरिअ‍ॅक्टिव्ह'. तेव्हापासून जगभर हाच डेटा घेऊन पाच जीनचा स्कोअर, नऊ जीनचा स्कोअर असे पेपरवर पेपर निघतायत. प्रत्येक स्कोअर ज्या डेटावर बनवला तिथे छान चालतो, दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर नेला की बऱ्याचदा बारगळतो. लॅबचा माणूस 'नक्की किती' म्हणतो ना, त्याला फोनवर एवढंच विचार की हा स्कोअर तुम्ही भारतातल्या केमो झालेल्या किती पेशंटवर तपासलाय आणि तो कुठे छापून आलाय. मग बघ 'मॅडम मी सरांना विचारून कळवतो' येतं की नाही.

इम्युनोथेरपीचं जरा सविस्तर, कारण तिथे पैसा फार जातो. सगळ्यांना असंच वाटलं होतं की इम्यून पेशी एवढ्या महत्त्वाच्या आहेत तर पीडी-१, पीडी-एल१ म्हणजे इम्यून पेशींना लागणारा ब्रेक, त्यावर चालणारी औषधं ओव्हरीत धुमाकूळ घालतील. नाही घातला. नव्याने निदान झालेल्या बायकांमध्ये केमोबरोबर अ‍ॅव्हेल्युमॅब देऊन बघितलं, अ‍ॅटेझोलिझुमॅब देऊन बघितलं, दोन्ही मोठ्या ट्रायल्समध्ये आजार परत यायचा वेळ काही लांबला नाही. २०२५ मध्ये किनोट-बी९६ नावाच्या ट्रायलचा निकाल चांगला आला, पण ती प्लॅटिनमवाल्या केमोला दाद न देणाऱ्या, परत आलेल्या आजाराची होती, आणि त्यात बघायची टेस्ट म्हणजे पीडी-एल१, साधी स्लाइडवरची. तुझी आई त्या स्टेजला नाहीये. कधी लागलीच तर तेव्हा करता येईल, ब्लॉक काही पळून जात नाही. जपून ठेव म्हणजे झालं, आणि कुठे न्यायचा असेल तर गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नको, मेण आहे ते, एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत नरम पडतं.

भावाला पुढचं कळायलाच हवं असेल तर त्याला सांग, जास्त कामाच्या गोष्टी आईच्या फाईलमध्ये आधीच आहेत आणि फुकट आहेत. ऑपरेशन नोटमध्ये शेवटी लिहिलेलं असतं की डोळ्यांना दिसणारा आजार उरला की नाही, 'आर झिरो' किंवा 'नो रेसिड्युअल' असं. ते असेल तर ते कुठल्याही सीडी८ पेक्षा मोठं आहे. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ओमेंटमच्या इथे 'सीआरएस' १, २ किंवा ३ असं असेल, म्हणजे केमोला गाठीने किती दाद दिली, ३ सगळ्यात चांगलं. आणि सीए-१२५, रक्तातला या आजाराचा मार्कर, पहिल्या तीन केमोत कसं उतरत गेलं ते बघ. नुसतं ३५ च्या खाली आलं का एवढंच बघायचं नाही, उतरण्याचा वेग पण बोलतो. हे तीन कागद घेऊन पुढच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर बसा आणि सरळ विचारा, तुम्हाला यावरून काय वाटतं. गर्दीत पाच मिनिटं मिळतात हे मला माहितीये, म्हणून प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी भावाच्या हातात द्या, त्याला काहीतरी काम होईल.

आता ती राहिलेली टेस्ट. तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर सहज एक ओळ आहे, मावशीला बेचाळीसाव्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. तू ती आईच्या मनावर किती ओझं आहे हे सांगताना लिहिलीयेस. मी मात्र तिथे थांबले. पत्रात सीडी८ आहे, सीडी३ आहे, फॉक्सपी३ आहे, पण बीआरसीए, म्हणजे ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी जोडलेले, घराण्यात उतरणारे जीन, त्यांचं नाव कुठेच नाही. हाय ग्रेड सिरस असलेल्या प्रत्येक बाईची बीआरसीए टेस्ट व्हायला हवी, घरात कोणाला नसलं तरी, आणि इथे तर सख्खी मावशी आहे. झाली असेल आणि तू लिहायची राहिली असशील तर उत्तमच. नसेल तर उद्याच विचार.

ही टेस्ट ट्रीटमेंट बदलते, एवढ्यासाठीच मी मागे लागलेय. आईत बीआरसीएचा बिघाड निघाला तर केमो संपल्यावर ऑलापॅरिब नावाची गोळी सुरू करता येते, साधारण दोन वर्षं घ्यायची. सोलो-१ ट्रायलमध्ये बीआरसीएवाल्या बायकांमध्ये सात वर्षांनी गोळी घेतलेल्यांपैकी ६७ टक्के जिवंत होत्या, डमी गोळीवाल्यांपैकी साधारण ४६. भावाला हा पेपर वाचायला दे! बीआरसीएचा बिघाड नसेल तर एचआरडी नावाची टेस्ट गाठीवर करतात, पेशीच्या डीएनए दुरुस्तीत दोष आहे का ते बघायला, हाय ग्रेड सिरसमध्ये साधारण निम्म्या गाठींमध्ये हा दोष सापडतो, त्यातही अशा गोळ्यांचा उपयोग होतो. गोळी महाग आहे हे खरं, पण कंपन्यांच्या पेशंट सपोर्ट स्कीम असतात, त्या डॉक्टरांच्या कोऑर्डिनेटरला विचार, आणि हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं तेही विचारून घे.

घाई कशासाठी तर सोलो-१ मध्ये केमो संपल्यापासून आठ आठवड्यांच्या आत गोळी सुरू केली होती. बीआरसीएचा रिपोर्ट यायला काही आठवडे जातात. तुमच्या दोन केमो उरल्यात. म्हणजे आत्ता रक्त दिलं तर केमो संपेपर्यंत रिपोर्ट हातात, आणि लाखाच्या टेस्टवर चर्चा करत गणपती उरकले की मग पळापळ. आणि एक गोष्ट लॅबवाले सांगत नाहीत, एचआरडी करायची झाली तर ऑपरेशनचा ब्लॉक न विचारता पाठवू नका, केमोनंतर त्यात कॅन्सरच्या पेशी फार थोड्या उरलेल्या असू शकतात आणि 'सॅम्पल अपुरं' म्हणून परत येतं. सुरुवातीला निदानासाठी जी बायोप्सी केली होती तिचा ब्लॉक मागा, आणि पॅथॉलॉजिस्टला विचारा की दोन्हींपैकी ट्यूमर कशात जास्त आहे. ते दोन मिनिटांत स्लाइड बघून सांगतात.

आणि हे तुझंही आहे गं. तू ३४ ची. आईत बिघाड निघाला तर तुझ्यात तो असायची शक्यता पन्नास टक्के, आणि भावातही तेवढीच, पुरुषांना प्रोस्टेट आणि क्वचित ब्रेस्टचा धोका असतो आणि पुढच्या पिढीतही जातो. बीआरसीए१ असेल तर ऐंशी वर्षांपर्यंत ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता साधारण ४४ टक्के धरतात, बीआरसीए२ ला १७. यावर उपाय आहे, मुलं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, ट्यूब आणि ओव्हरी काढून टाकतात, कारण हा आजार बऱ्याचदा ट्यूबच्या टोकालाच सुरू होतो. आत्ता घाबरू नको, आधी आईचा रिपोर्ट येऊ दे, मग जेनेटिक काउन्सेलरशी बोल. पण तू चार पानं आईचं भविष्य विचारलंस आणि स्वतःचं एका ओळीतही विचारलं नाहीस, म्हणून लिहिलं.

भावाने सीबीसीवरून एनएलआर पण काढलाय म्हणतेस, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, जास्त असला की वाईट म्हणतात, ६ आला म्हणून तो हादरलाय. त्याला विचार की रक्त कधी काढलं होतं. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, आणि पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर विचारायलाच नको. केमो चालू असताना हे गणित मांडायचंच नसतं. आणि शेजारच्या काकूंनी सांगितलेला गुळवेलीचा काढा बंद करा, आजच. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात, केमोत लिव्हर बिघडलं तर पुढचा डोस लांबतो. काढ्याने गाठीत सीडी८ वाढत नाहीत.

आईचं. बीआरसीए टेस्टसाठी आईची सही लागते आणि त्याआधी तिला समजावून सांगावंच लागतं, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न आपोआप निकालात निघतो. तसंही, ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या तिच्यापासून तुम्ही फाईल काय लपवणार? ती रात्री वाचते म्हणजे तिला माहिती हवीये, फक्त तुमच्या तोंडाकडे बघून ती विचारत नाहीये. एखाद्या संध्याकाळी भाऊ नसताना तिच्याजवळ बस आणि आधी तिलाच विचार, आई तुला यातलं किती जाणून घ्यायचंय, सगळं की डॉक्टर सांगतील तेवढंच. ती म्हणेल ते ऐक. 'लो' चा कागद काय आहे असं तिने विचारलं तर सांग की ही एक नवीन तपासणी आहे, यावरून औषध ठरत नाही, ज्यांना पत्र लिहिलं त्या काकूंनी पण हेच सांगितलं. तीन वर्षांचं बोलू नको, ते तुमच्या भावाबहिणीतलं आहे आणि चुकीचं आहे. तिने सरळच विचारलं, माझं किती राहिलं, तर डॉक्टरांसमोर विचारू असं म्हण आणि खरंच विचार, टाळायला म्हणून म्हणू नको.

सेकंड ओपिनियन हवं असेल तर घ्या, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं की मुंबईत टाटाला स्लाइड दाखवून रात्री घरी येता येतं. पण आईला नेऊ नका, ब्लॉक, स्लाइड आणि कागद घेऊन भावाने जावं. केमोत तिला गर्दीच्या डब्यात कशाला.

राहिलं लग्न. भावाला म्हणावं, श्रावणात घाईघाईने रजिस्टर केलंस तर आईला पहिल्या मिनिटाला कळेल की कशासाठी, ती शिक्षिका आहे. आणि आत्ता केमोत आहे, प्रत्येक डोसनंतर साधारण आठवडा ते दोन आठवडे पांढऱ्या पेशी खाली असतात, तेव्हा चार माणसं घरात आली तरी धोका. दोन केमो गणपतीच्या आसपास संपतील, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त म्हणजे मधे चांगले दोन महिने मिळतात, केसही थोडे आलेले असतील आणि ते तिलाच जास्त बरं वाटेल. डिसेंबरचंच ठेवा. गोळी सुरू झालेली असेल तर आठवडाभर आधी सीबीसी करून घ्या, ऑलापॅरिबने हिमोग्लोबिन उतरतं. पॅक्लिटॅक्सेलने पायाला मुंग्या येत असतील तर गंगापूर रोडच्या त्या लॉन्सवर तिला गवतातून चालायला लावू नका, बिनटाचेची पट्ट्याची सँडल घ्या, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या शेजारी एक खुर्ची तिच्यासाठी आधीपासून सांगून ठेवा.